गोव्यात डीडी फ्री डिश: अख्ख्या पावसाळ्यासह नऊ महिन्यांचा वापर

डीडी फ्री डिश म्हणजे महिन्याचे पैसे न घेता उपग्रहावरून थेट घरी चॅनेल देणारी दूरदर्शनची सेवा. वापरातला संच असा: ६५ सेंटिमीटरची ऑफसेट डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल टिपणारा भाग), १८ मीटर आरजी-६ केबल आणि एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) दाखवणारा बॉक्स. घर पेडणे तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम एक किलोमीटर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बसवला, आता जानेवारी संपत आला. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. गोव्यात सिग्नल भरपूर आहे. इथे डिश बिघडते ती खारा वारा, पाण्याने भरलेला सांधा आणि सैल क्लॅम्प या तीन गोष्टींनी. म्हणून डिशच्या आकारावर पैसे कमी आणि पाइप, नटबोल्ट, कनेक्टर यांवर जास्त घालावेत.

छपरावरचा काट्यांचा अँटेना पणजीच्या दिशेने फिरवून दूरदर्शन बघायचे दिवस गेले. दूरदर्शनने २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ पद्धतीचे जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, त्या पहिल्या १६ शहरांत मुंबई आणि औरंगाबाद होती, पणजी नव्हती. जमिनीवरच्या प्रक्षेपणाची इथली जुनी अडचण म्हणजे डोंगर. सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूला टेकडीआड असलेल्या वाड्यावर अँटेना कितीही उंच चढवला तरी चित्राला मुंग्या आणि सावल्या यायच्याच. उपग्रहाला टेकडीची फारशी आडकाठी नाही, कारण तो इथून आकाशात बराच उंच आहे. शिवाय मार्च २०१९ पासून डीडी गोवा फ्री डिशवर आले. डीडी सह्याद्री होतेच. कोकणी-मराठी बातम्या आणि स्थानिक कार्यक्रम महिन्याचे पैसे न भरता बघायचे तर आज हाच सरळ मार्ग आहे. पूर्ण संच जोडणीसकट साधारण दीड-दोन हजारांत होतो.

बॉक्स घेताना एकच प्रश्न विचारा: एमपीईजी-४ चालतो का? फ्री डिशवर काही चॅनेल एमपीईजी-२ मध्ये आहेत, काही एमपीईजी-४ मध्ये. जुना एमपीईजी-२ बॉक्स दुसऱ्या गटातले चॅनेल दाखवूच शकत नाही. मग लोक डिश हलवत बसतात, आणि डिशचा काहीच दोष नसतो.

उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंश. गोव्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १२७ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच दिसतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत या आकड्यांत एक अंशाचाही फरक पडत नाही, त्यामुळे म्हापशाच्या माणसाची मापे मडगावात चालतात. फोनचा कंपास पाइपाला टेकवून बघू नका, लोखंडाने सुई भरकटते. चार-पाच पावले दूर उभे राहून दिशा पकडा आणि समोरच्या एखाद्या खुणेवर नजर ठेवा. ऑफसेट डिश बघून नवखा माणूस हमखास फसतो. उपग्रह ६१ अंशांवर असला तरी तव्याचा कल उभ्या रेषेपासून पस्तीस-छत्तीस अंशच दिसतो, कारण पंचविसेक अंश बनावटीतच दिलेले असतात. डोळ्यांना डिश ‘खाली बघते आहे’ असे वाटते आणि हात ती वर उचलायला जातो. ब्रॅकेटवरच्या पट्टीवर विश्वास ठेवा, पण त्याआधी पाइप ओळंब्यात आहे ना ते बघा. पाइप दोन अंश कलला असेल तर पट्टीवरचा आकडाही दोन अंश खोटा.

एलएनबी सरळ उभा बसवून भागत नाही. गोव्यातून उपग्रह इतका पूर्वेला आहे की हिशेबाने तिरपेपणा पन्नास अंशांच्या आसपास येतो. डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. तिथून सुरुवात करून बॉक्सच्या पडद्यावरचा क्वालिटीचा (सिग्नलच्या दर्जाचा) आकडा बघत थोडे अलीकडे-पलीकडे फिरवा आणि सर्वांत जास्त जिथे येईल तिथे आवळा. ही पायरी बरेच जण गाळतात. कोरड्या दिवसांत त्याने काही बिघडत नाही, जूनमध्ये मात्र तीच कसर महागात पडते.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात. त्यातली स्ट्रेंथ जवळजवळ विसरून जा. एलएनबीला वीज मिळाली की डिश भिंतीकडे वळवली तरी ती पट्टी भरलेली दिसते. पाहायची ती क्वालिटी. शेजारी ९५ अंशांवर एसईएस-८ आहे, त्यावर एका खासगी डीटीएच सेवेचे प्रक्षेपण असते. अंतर फक्त दीड अंश, आणि ६५ सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण तीन अंश रुंद. सिग्नल शोधायच्या स्वस्त सूचकयंत्राची शिटी दोन्हींवर सारखीच वाजते. म्हणून बॉक्समधला फ्री डिशचा ट्रान्सपॉंडर (उपग्रहावरून एकत्र येणारा चॅनेलांचा गट) निवडून त्याच्याच क्वालिटीवर डिश लावा. आडवी दिशा आधी पक्की करा, मग उंची, मग पुन्हा आडवी. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. नट आवळताना डिश किंचित फिरते, तेव्हा शेवटचे आवळणेही आकडा बघतच करा.

माड हा इथला खरा अडथळा. हिशेब सोपा आहे: डिशपासून आग्नेयेला जितक्या मीटरवर झाड, त्याच्या १.८ पट उंचीपर्यंत ते चालते. पंधरा मीटरचा माड डिशपासून साडेआठ मीटरच्या पलीकडे असला तर शेंड्यापर्यंत वाट मोकळी. पण चुडते (झावळ्या) वाऱ्यात हलतात आणि भिजली की सिग्नल जास्त अडवतात, म्हणून दहा मीटर धरा. कोरड्या उन्हात ठीक चालणारी डिश पाऊस पडून गेल्यावरही थांबून थांबून चित्र गोठवत असेल तर आधी माडाकडे बघा. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) आला की आग्नेयेकडची दोन-तीन चुडते उतरवून घ्या.

आता पायाबद्दल, कारण नऊ महिन्यांतले एकमेव मोठे दुखणे तिथून आले. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत साधा रावळप्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची गुल्ली, धरत नाही. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, ड्रिलचे भोक मोठे होते, ओल झिरपली की कडा भुगा होऊन पडतात. पहिल्या महिन्यात हाताला घट्ट लागणारा स्क्रू ऑगस्टमध्ये बोटाने फिरतो. चिऱ्याच्या भिंतीवरच लावायचे असेल तर १२ मिलिमीटरचा आट्याचा रॉड आरपार घालून आतल्या बाजूने पत्र्याची मोठी वॉशर-प्लेट द्यावी. त्याहून बरे म्हणजे गच्चीच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट. मंगळुरी कौलांवर डिश लावूच नका. वर चढणाऱ्याच्या पायाखाली कौले फुटतात आणि पुढचे चार महिने खाली बालद्या मांडाव्या लागतात.

पाइप दीड इंची बी क्लास जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) घेतला, तो व्यवस्थित टिकला. चुकला तो क्लॅम्प. पाइपाला गंज लागू नये म्हणून रंग दिला होता, आणि रंगावर यू-क्लॅम्प घसरतो. जुलैतल्या एका वादळी रात्रीनंतर डिश तीनेक अंश फिरलेली आढळली. डिशचे तोंड आग्नेयेला, मोसमी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणजे तो डिशच्या पाठीवर आणि बाजूवर आदळतो आणि तिला पाइपाभोवती पिळतो. याचा एक फायदाही आहे, पावसाची झड एलएनबीच्या तोंडावर कमी येते. उपाय म्हणून क्लॅम्पखालचा रंग खरवडला, दुसरा यू-क्लॅम्प लावला आणि नेमकी दिशा लागल्यावर क्लॅम्पमधून पाइपात ६ मिलिमीटरचा बोल्ट आरपार घातला. त्यानंतर डिश तसूभरही हललेली नाही. पाइपावर आणि क्लॅम्पवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा. पुढे कधी फिरली तर बॉक्स न लावताच कळते.

पावसात चित्र जाते का? जाते. अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जड थेंब शोषतात आणि विखुरतात, त्याला इलाज नाही. रिपरिप कितीही वेळ चालली तरी फरक पडत नाही. आभाळ काळे करून येणारी मुसळधार सर आली की पाच ते पंधरा मिनिटे पडदा जातो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात हे सोसण्याजोगे आहे. महत्त्वाचे आहे ते चित्र परत कसे येते हे बघणे. सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत आले तर दोष आकाशाचा, काही करू नका. ऊन पडून तास-दोन तासांनी आले तर कुठेतरी सांध्यात पाणी आहे आणि ते वाळल्यावर सिग्नल सुटतो आहे. आलेच नाही तर डिश हलली. आणि काही चॅनेल येतात, काही नाहीत, असे झाले तर केबल ओली झाल्याचा संशय धरा, कारण भिजलेली केबल वरच्या फ्रिक्वेन्सी आधी गिळते. एवढ्या चार खुणांवर बहुतेक तक्रारी मेकॅनिकला न बोलावता निकालात निघतात.

सांध्यासाठी पिळून बसवायचा एफ-कनेक्टर वापरू नका, कॉम्प्रेशनचा घ्या. त्याचे हत्यार महाग वाटले तर केबलवाल्याकडून दोन टोके बसवून घ्या. जाळीचा एकही तार मधल्या तांब्याला शिवता कामा नये. सांध्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप खालून वर, अर्धी-अर्धी चढवत गुंडाळा, म्हणजे घड्या कौलांसारख्या पडतात आणि पाणी आत शिरत नाही. साधी काळी इलेक्ट्रिकची टेप उन्हाने दोन महिन्यांत सुटते. सिलिकॉन लावायचा असेल तर व्हिनेगरचा वास येणारा टाळा, त्यातले आम्ल तांबे खाते. न्यूट्रल क्युअर लिहिलेला मागा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. हा झोळ नसेल तर पाणी केबलवरून सरळ भिंतीत आणि तिथून टीव्हीच्या मागे पोचते.

डिशबरोबर आलेले बोल्ट सप्टेंबरअखेर तांबूस झाले होते, ऑक्टोबरात एक आवळताना तुटला. सगळे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे घातले. समुद्रालगत, मोरजी-हरमलसारख्या ठिकाणी, ३१६ मिळाले तर तेच घ्या. समुद्रापासून दूर, फोंडा-डिचोलीकडे, जीआय बोल्ट ग्रीस लावून चालतील.

विजेची काळजी जुलैपेक्षा मे-जून आणि ऑक्टोबरात जास्त. गडगडाट तेव्हाच असतो. पाइपाला अर्थिंग द्या, आणि गडगडायला लागले की बॉक्सचा प्लग तर काढाच, मागची डिशची केबलही काढा. नुसता प्लग काढला तर केबलवाटे येणारा झटका बॉक्समध्ये शिरतोच.

मोठी डिश घ्यावी का? साठऐवजी नव्वद सेंटिमीटर घेतली तर साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल मिळतो. त्याने सरीतली काही मिनिटे वाचतात, पण वाऱ्याला मिळणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. किनाऱ्यावर हा सौदा तोट्याचा. वाळपईकडे, घाटाच्या पायथ्याशी, जिथे सरी लांबतात आणि वारा अडतो, तिथे नव्वदची डिश जरूर घ्यावी.

पावसानंतर एलएनबीच्या तोंडाशी गांधीलमाशीने मातीचे घर बांधले होते, क्वालिटी हळूहळू उतरत गेली ती त्यानेच. ओल्या फडक्याने पुसून झाले. एलएनबीचे प्लास्टिकचे झाकण कावळे टोचतात. त्याला चीर दिसली तर टेप लावून वेळ काढू नका, एलएनबी बदला.

सप्टेंबरच्या शेवटी सकाळी अकराच्या थोडे आधी, कोरड्या आकाशात, चित्र काही मिनिटे जाते. चार-पाच दिवस असे चालते आणि आपोआप थांबते. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे असतो. मार्चच्या १३-१४ तारखेला पुन्हा तसेच होईल, वेळ अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. त्या वेळी गच्चीवर जा. डिशवर स्वच्छ ऊन असेल तर उपग्रहाकडची वाट मोकळी आहे. माडाची सावली पडलेली दिसली तर ते चुडत पावसाळ्याआधी उतरवायचे आहे. खासगी चॅनेलच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, त्यामुळे एप्रिल लागला की यादी बदलते. तेव्हा बॉक्स एकदा नव्याने स्कॅन करा आणि त्याच दिवशी शिडी लावलेली असताना बोल्टही आवळून घ्या.