दत्तक मुलाची गोष्ट: गुपित फुटणारी की आधीपासून माहीत असलेली?

दत्तक मुलावरच्या कादंबऱ्या वाचताना मला ढोबळ दोन प्रकार दिसतात, एकात मुलीला काहीच माहीत नसतं आणि मग कपाट आवरताना कागद सापडतो, दुसऱ्यात तिला लहानपणीच सगळं सांगितलेलं असतं. पहिलीची पकड जबरदस्त, पुस्तक खाली ठेववत नाही. आणि आईची भीती तिथे फार छान येते, सांगितलं तर पोर दुरावेल म्हणून वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून राहणारी बाई. पण कागद सापडला की पुढे सगळं खरे आईबाप कोण यावरच अडकतं.

मला दुसरी जास्त भिडते. धक्का नाही, पण रोजचं जगणं आहे. समजा मार्क कमी पडले, बाबा मार्कशीटकडे बघून नुसते गप्प बसले, आणि पोरीच्या मनात येतं की पोटची असते तरी असेच गप्प बसले असते का? हे ती विचारू शकत नाही आणि बाबांना तर पत्ताच नाही की आपल्या गप्प बसण्याचा असा अर्थ निघाला. अपेक्षा सगळेच आईबाप ठेवतात हो, पण हिला वाटत राहतं की मला निवडून आणलंय, तर निवड चुकली नाही हे मीच दाखवायचं. समुपदेशकही हल्ली लवकर सांगा असंच म्हणतात, त्यामुळे हे घर जास्त खरं वाटतं.