मामांचा हात: मेंदूतली चिप की मनगटामागचे स्नायू?

खानापूरजवळच्या आमच्या गावात गुऱ्हाळाच्या चरकात मामांचा उजवा हात कोपराखाली गेला. "मेंदूवर चालणारा हात मिळेल काय रे?" असं ते परवा बेळगावला जाताना एसटीत विचारत होते.

तो मार्ग थक्क करणाराच आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रेनगेट या अमेरिकी संशोधन गटाच्या प्रयोगात पक्षाघात झालेल्या कॅथी हचिन्सन यांनी नुसत्या विचाराने यंत्रहात हलवून कॉफीची बाटली तोंडाशी नेली. पक्षाघातानंतर जवळपास १५ वर्षांनी स्वतःच्या मर्जीने घेतलेला घोट! वाचताना माझे डोळे भरून आले. पण त्यासाठी कवटी उघडून ९६ इलेक्ट्रोडची (मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या बारीक सुयांची) चिप मेंदूत बसवावी लागली. जंतुसंसर्गाचा धोका असतो, शिवाय वर्षं जातात तसे संकेत क्षीण होऊ शकतात.

मामांच्या मेंदूचा हुकूम मात्र आजही उरलेल्या स्नायूंपर्यंत पोचतो. मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या संकेतांवर चालणारा कृत्रिम हात, तो हुकूम कातडीवरूनच टिपतो, शस्त्रक्रियेशिवाय. घामाने संकेत बिघडतात, बॅटरी रोज चार्ज करावी लागते, किंमतही जड. तरी मामांसाठी मी हाच निवडेन. मानेखाली सगळंच लुळं पडलेल्या माणसाला मात्र हा हात निरुपयोगी. त्याच्यासाठी मेंदूचीच वाट.