फुटबॉलचा फोमवाला हेडबँड : पाचपैकी दोन तारे, तेही कपाळासाठी

मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते. स्वतः सेंटर बॅक म्हणून, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळले, त्यामुळे समोरून येणारा लांब बॉल डोक्याने परतवणं, म्हणजेच हेडिंग, हे माझं कामच होतं. मोसमाच्या सुरुवातीला पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी या हेडबँडची लिंक टाकली आणि बघता बघता अर्ध्या पोरांच्या कपाळावर तो दिसायला लागला. क्लबसाठीही आम्ही वेगवेगळ्या मापांचे काही घेतले. मोसमभर उन्हात, चिखलात, पावसात वापरून झाले, म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव देत नाही. या पद्धतीच्या पट्ट्यांची बनावट थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही.

आधी वस्तूबद्दल. कपाळ, दोन्ही कानशिलं आणि डोक्याची मागची बाजू झाकणारा फोम, त्यावर ताणलं जाणारं कापड, मागे वेल्क्रो. माथा उघडा राहतो. वजन जवळजवळ जाणवत नाही. पोनीटेल मागच्या फटीतून नीट बाहेर येते, दोन वेण्या घालणाऱ्या मुलींची मात्र पंचाईत होते. घाम डोळ्यांत उतरत नाही, हा एक फायदा खोक्यावर लिहिलेला नव्हता आणि पोरांना तोच सगळ्यात आवडला. वेल्क्रोत केस, गवत, बिब्सचे धागे, काय वाटेल ते अडकतं. एका पालकांनी पट्टी मशीनमध्ये धुतली, फोमचा आत गोळा झाला. हाताने धुवा आणि सावलीत वाळवा, नाहीतर किटबॅग उघडवत नाही इतका वास येतो.

मॅचमध्ये चालतो का, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. चालतो. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम मऊ, हलक्या आणि कोणालाही इजा न करणाऱ्या हेडगिअरला परवानगी देतो. आमच्या मॅचेसना रेफ्री पट्टी हाताने दाबून बघायचे आणि पुढे जायचे. गोलकीपर पेटर चेकचं उदाहरण पालक हमखास देतात. त्याने २००६ मध्ये कवटी फ्रॅक्चर झाल्यावर डोक्यावर संरक्षण चढवलं ते निवृत्तीपर्यंत. पण ते रग्बीच्या धर्तीचं होतं, गोलकीपरचं होतं, आणि मुख्य म्हणजे मोडलेली कवटी जपण्यासाठी होतं. आपल्या पोरांची गोष्ट वेगळी आहे.

आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ‘मेंदूचं संरक्षण’ या दोन शब्दांकडे येते. तीन तारे तिथेच कापले आहेत.

डोक्यावर डोकं आपटलं, कोपर लागलं, पोस्टला धडकलं, तर हा फोम काहीतरी करतो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही डोक्याला डोकं लागण्याचा आघात अशा पट्ट्यांमुळे कमी झालेला दिसला आहे. आमच्याकडे कॉर्नरला दोन मुलं एकदम उडाली आणि एकमेकांवर आदळली. बिनपट्टीवाल्याच्या भुवईला टाके पडले, पट्टीवाल्याला साधं टेंगूळही नाही. मी दोघांनाही बाहेर बसवलं. पट्टीवाल्याची आई म्हणाली, “मॅडम, याला तर काही झालंच नाही, जाऊ दे ना आत.” मी नाही म्हटलं. कन्कशन, म्हणजे आघाताने मेंदूला बसलेला धक्का, टेंगळावर अवलंबून नसतं. रक्त नाही, सूज नाही, तरी मूल गोंधळलेलं, सुन्न किंवा उगाच चिडचिडं असू शकतं, आणि त्रास कधीकधी काही तासांनी दिसतो. शंका आली की त्या दिवशीचा खेळ संपला, एवढा एकच नियम मी पाळते.

बॉलचा मार हा वेगळाच मामला आहे. हवा भरलेला बॉल कपाळावर आदळताना स्वतःच चांगला दबतो. तो एवढा दबत असताना मधल्या पातळ फोमला दबायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे बॉलच्या बाबतीत त्याच चाचण्यांत पट्टीचा उपयोग जवळपास दिसलाच नाही. शिवाय मेंदूला त्रास होतो तो डोकं झटक्यात हलल्यामुळे, त्यातही गर्रकन वळल्यामुळे. बरणीला बाहेरून फडकं गुंडाळलं तरी हलवल्यावर आतलं पाणी हिंदकळायचं थांबत नाही. अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त शाळकरी खेळाडूंवर यादृच्छिक चाचणी झाली, काहींना हेडगिअर दिलं, काहींना नाही. २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत कन्कशनच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. खोक्यावर हे कुठेच छापलेलं नाही.

आणि पोरं धीट होतात ते वेगळंच. “कोच, आता लागत नाही, अजून जोरात टाका!” हे वाक्य मी या मोसमात इतकं ऐकलं की शेवटी प्रॅक्टिसला पट्ट्या पेटीत बंद केल्या. मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. एक वडील मला म्हणाले, “मॅडम, एवढी पट्टी आणलीये, तर आता हेडिंगचं एक सेशन रोज घ्या ना.” माझं नेमकं उलटं चाललं होतं. मी हेडर कमी करत होते.

का, ते सांगते, कारण मला वारंवार विचारलं जातं. ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना २३,०२८ सामान्य लोकांशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले : मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट. दोन वर्षांनी त्याच गटाने खेळाडूंच्या जागांनुसार आकडे मांडले. गोलकीपरचा धोका सर्वसामान्यांइतकाच, आणि सगळ्यात जास्त बचावफळीचा. मी बचावफळीत खेळायचे, तेव्हा तो तक्ता मी जरा सावकाश वाचला.

हे सगळे व्यावसायिक पुरुष होते, लहान मुलं नव्हती. हेडरनेच आजार होतो हे त्या आकड्यांतून थेट सिद्धही होत नाही. हा आक्षेप बरोबर आहे. पण गोलकीपर सोडून बाकी सगळे अडकलेले दिसतात तेव्हा बोट कुठे जातं हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. जेफ अ‍ॅस्टल हा वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा फॉरवर्ड, हेडरसाठीच प्रसिद्ध. २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. मृत्यू व्यवसायजन्य आजाराने झाला असा निर्वाळा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने दिला.

इथे जुने खेळाडू एक मुद्दा काढतात : तेव्हाचे चामड्याचे बॉल जड होते, आताचे हलके. मला हे पटत नाही. कोरड्या बॉलचं वजन तेव्हाही साधारण आजइतकंच होतं, पाच नंबरच्या बॉलसाठी आज ४१० ते ४५० ग्रॅम. चामडं पाणी प्यायचं हे खरं, पण भिजलेला बॉल हळूही जायचा. आजचा सुसाट येतो. आणि ग्लासगोच्या त्या अभ्यासात खेळाडू कोणत्या दशकात जन्मला यावरून धोक्यात फरक सापडला नाही.

म्हणून नियम बदलले. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने, काही पालक कोर्टात गेल्यानंतर, २०१५ च्या अखेरीस दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं आणि अकरा ते तेरा वयासाठी प्रॅक्टिसमधल्या हेडिंगवर मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयात प्रॅक्टिसमध्ये हेडिंग नको असं सांगितलं. त्यापुढे इंग्लंडची पायरी अशी : बारा वर्षांखाली महिन्यातून एक सेशन आणि जास्तीत जास्त पाच हेडर, तेरा वर्षांखाली आठवड्यातून एक सेशन, पुन्हा पाचच, चौदा ते सोळा वर्षांखाली आठवड्याला एक सेशन, दहा हेडर. मोठ्यांनाही सूट नाही. २०२१ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंना प्रॅक्टिसमध्ये आठवड्याला जोराचे दहाच हेडर अशी शिफारस आहे.

आम्ही इंग्लंडचीच पायरी उचलली. कोणी किती हेडर मारले याची टिपणी वहीत ठेवते. पालकांना वाटतं त्यापेक्षा हे सोपं आहे, कारण पाच म्हणजे पाचच. बॉलमधली हवा नियमात बसणाऱ्या सगळ्यात कमी दाबावर ठेवते. नियमात खालची मर्यादा ०.६ अ‍ॅटमॉस्फिअर आहे. प्रेशर गेज विकत घ्या, अंगठ्याने दाबून काही कळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पाच नंबरचा बॉल देऊ नका, त्यांच्यासाठी चार नंबरचा असतो. उडी कधी घ्यायची, बॉल कुठे पडणार, हात कुठे ठेवायचे, डोळे उघडे ठेवून बॉलकडे कसं जायचं, हे सगळं स्पंजच्या हलक्या बॉलने आणि फुग्यांनी शिकवता येतं. फुग्यांची पोरं आधी खिल्ली उडवतात आणि मग फुगा खाली पडू द्यायचा नाही म्हणून जीव तोडून धावतात.

मग माझी मुलं हेडिंगमध्ये मागे पडली का? थोडी, हो. दोन गोल आम्ही कॉर्नरवरच खाल्ले. दुसरीकडे बॉल जमिनीवर ठेवून बाहेर पडायला ती शिकली. आधी बॅक फक्त उंच मारून मोकळे व्हायचे. बारा वर्षांच्या पोरांच्या मॅचमध्ये कॉर्नरवर गोल खाणं मला परवडतं.

मॅचमधल्या हवेतल्या लढतींचा प्रश्न उरतो, आणि पट्टीची बाजू मी फक्त तिथे घेईन. अमेरिकेतल्या हायस्कूल खेळाडूंच्या २०१५ च्या अभ्यासात मुलांची सुमारे ३० टक्के आणि मुलींची २५ टक्के कन्कशन हेडिंग करताना झाली होती, पण त्यातली बहुतेक बॉल लागून नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूवर आदळून. म्हणजे धोका मोठा आहे तिथे डोक्याला डोकं लागतं. फोम तिथे खोक आणि टेंगूळ वाचवेल, कन्कशन वाचवेल अशी खात्री वरच्या चाचणीनंतर मी देऊ शकत नाही. हवेत कोपर वर आलं की फाऊल देणारा कडक रेफ्री मला पट्टीपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

तेव्हा कोणी घ्यावा? कपाळावर ताजी जखम भरत आलेली असेल, डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली असेल आणि टाक्यांच्या जागी पुन्हा लागायची भीती असेल, तर जरूर घ्या. गोलपोस्टला एकदा धडकून घाबरलेल्या मुलीला आम्ही दिला आणि ती पुन्हा क्रॉसवर, म्हणजे बाजूने आलेल्या बॉलवर, गोल सोडून बाहेर यायला लागली, त्यासाठी एक तारा. दुसरा तारा बनावटीसाठी, शिवण मोसमभर टिकली. कन्कशन झालेल्या मुलाला लवकर मैदानात आणायला हा घेत असाल तर घेऊच नका.

मापाचं सांगायचं राहिलं. खोक्यावरचा वयाचा तक्ता चुकीचा आहे, त्याप्रमाणे मागवले ते सगळे सैल निघाले. टेपने भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि दोन मापांच्या मधे येत असाल तर लहान घ्या. सैल पट्टी धावताना डोळ्यांवर सरकते, आणि हवेतल्या बॉलसाठी उडी मारणाऱ्या पोराला त्या क्षणी दिसेनासं होतं.