स्पिंडल लोड मॉनिटर म्हणून ८५ हजारांना गंडवलं, पैसे द्यायच्या आधी हे वाचा

रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा आहे, एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन), फॅनक कंपनीच्या कंट्रोलवाली, काम जास्त करून एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचं. रात्रपाळीला एकच पोरगा असतो, एंड मिल (कापायचं टूल) बोथट झाली तरी सकाळपर्यंत कळत नाही, म्हणून स्पिंडल लोड मॉनिटर, म्हणजे टूल फिरवणाऱ्या स्पिंडलवर किती ताण येतो ते दाखवणारा डबा, शोधत होतो.

ओळखीतून एक जण आला. म्हणाला, लॅन केबल लावून कंट्रोलरमधूनच लोड घेतो, लिमिटच्या वर गेला की फीड होल्ड, म्हणजे टूलची पुढची चाल थांबते. आमच्याच मशीनवर डेमो दिला, ६३ एमएमचा फेस मिल (मोठा कटर), कट लागला की आकडा सटकन वर, सुटला की खाली. फक्त कट मारायच्या आधी ऑपरेटरला म्हणाला, "दादा कूलंट बंद ठेव, चिप नीट दिसू दे साहेबांना." चिपचा कन्व्हेयरपण बंद करायला लावला. तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पैसे त्याच दिवशी यूपीआयने दिले.

पहिल्याच आठवड्यात कूलंट चालू केला की बझर, टेबल रॅपिडला (कट नसताना वेगात) पळालं की बझर. फोन केला तर म्हणे लिमिट वाढवा. वाढवली. मग एका रात्री १६ ची कार्बाइड एंड मिल मोडली आणि मशीन थांबलीच नाही, पुढचं फिनिशिंगचं टूल न कापलेल्या मटेरियलवर जाऊन आदळलं, जॉब गेला, दोन्ही टूलं गेली, डबा गप्प.

सकाळी डबा उघडला. लॅन केबलचं एक टोक मशीनच्या पोर्टला आणि दुसरं आत कापून टेप गुंडाळलेलं, कशालाच जोडलेलं नाही!! फीड होल्डची वायर नुसती बझरला. आणि मेन इनकमिंगच्या एका फेजवर साधा सीटी (करंट मोजणारी कॉइल). म्हणजे स्पिंडल, सर्व्हो (टेबल हलवणाऱ्या मोटर), कूलंट पंप, कन्व्हेयर, सगळ्यांचा मिळून करंट घ्यायचा, गुणायचा आणि पुढे टक्क्याचं चिन्ह लावायचं. स्पिंडलचा लोड हा स्पिंडल मोटरच्या रेटिंगच्या टक्क्यात असतो, त्याचा याच्याशी संबंध काय?

सगळ्यात जास्त चीड याची की खरा आकडा मशीनमध्येच फुकट होता. फॅनकला पॅरामीटर ३१११ चा बिट ५ एक केला की ऑपरेटिंग मॉनिटरचं पान येतं, स्पिंडल आणि सर्व्हो दोन्हीचा लोड दिसतो. आता नव्या एंड मिलला ठरलेल्या कटवर २२-२४ टक्के दिसतो, ३० झाला की टूल काढायचं, पोरगा वहीत लिहितो. स्पिंडल स्पीड पकडताना आकडा क्षणभर उसळतो, तो धरायचा नाही. ३-४ एमएमच्या ड्रिलला मात्र लोड जेमतेम हलतो, तिथे यावर विसंबू नका.

कोणी असला डबा विकायला आला तर स्पिंडल बंद ठेवून नुसता कूलंट चालू करा. आकडा हलला तर त्याला तिथूनच परत पाठवा. मग फेस मिलने नाही, तुमच्या रोजच्या टूलने कट मारून मशीनच्या लोड मीटरशी ताडून बघा. आणि बिलावरचा जीएसटी नंबर आधी पोर्टलवर टाका, मी नंतर टाकला, तो भलत्याच कोणाच्या नावाचा निघाला.

पोलिसांत अर्ज दिलाय, डबा तसाच पॅनलला ठेवलाय. काल कळलं की तो माणूस आता वागळे इस्टेटला फिरतोय. काळा डबा, निळा डिस्प्ले, आणि डेमोला तेच वाक्य, कूलंट बंद ठेवा.