पप्पांच्या मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे सरकारी नोकरांच्या तक्रारींचं कोर्ट) केससाठी घेतलेल्या वकिलांचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार, अर्धा का कापला ते खाली आहे)

आधीच सांगते, वकिलांचं नाव टाकत नाहीये. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे आणि त्यांनीच हात जोडून सांगितलं, "ताई, चांगलं लिहा वाईट लिहा पण नाव नको." फोर्टमधे ऑफिस आहे, फक्त सर्व्हिस मॅटर्स घेतात, म्हणजे सरकारी नोकरांच्या बदल्या, सस्पेन्शन, विभागीय चौकशी (डीई), प्रमोशन, पेन्शन असलं सगळं.

केस थोडक्यात सांगते. पप्पा पोलीस खात्यात, पीएसआय होते तेव्हा 2008 मधे त्यांच्या एस्कॉर्ट पार्टीतून एक आरोपी पळाला आणि विभागीय चौकशी लागली, पुढच्याच वर्षी एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) प्रमोशनची यादी निघाली तर यांचं नाव मोहोरबंद पाकिटात (म्हणजे चौकशी संपेपर्यंत निर्णय सील करून बाजूला) आणि मागचे ज्युनियर खांद्यावर तिसरा स्टार लावून पेढे द्यायला घरी. 2012 मधे चौकशी संपली, दोषारोप सिद्ध होत नाहीत असा स्वच्छ रिपोर्ट आला. आता नियम सरळ आहे की माणूस निर्दोष सुटला की पाकीट उघडायचं, आत "पात्र" लिहिलेलं असेल तर मानीव दिनांक द्यायचा, म्हणजे ज्युनियरला मिळालं त्या तारखेपासूनच यालाही प्रमोशन मिळालं असं धरायचं. पण पाकीट कोणी उघडलंच नाही. 2014 मधे नव्या यादीत नवीन माणूस असल्यासारखं प्रमोशन दिलं आणि मधली पाच वर्षं गिळून टाकली.

पप्पा काय करत होते तर अर्ज लिहीत होते. एकूण अकरा अर्ज, सगळे "मा. महोदय, सविनय सादर". प्रत्येक वेळी आस्थापना शाखेतून उत्तर एकच की फाईल टेबलवर आहे. आई म्हणायची अहो कोर्टात जा, तर म्हणायचे खात्याविरुद्ध कोर्टात जायचं नसतं, साहेब लोक लक्षात ठेवतात. शेवटी 2016 मधे रिटायरमेंटच्या महिनाभर आधी एका ओळीचं पत्र आलं, "आपली मागणी मान्य करता येत नाही". त्या रात्री ते जेवले नाहीत आणि सकाळी मला म्हणाले, तुझ्या ओळखीचा कोणी वकील आहे का गं.

बँकेतल्या कलीगकडून हे ऑफिस कळलं. पहिली मीटिंग मला अजून आठवते. पप्पांनी पत्र्याच्या पेटीतून सगळे अर्ज काढले, वकीलसाहेबांनी मजकूर एकाचाही वाचला नाही, फक्त उलटसुलट करून आवकचा शिक्का (ऑफिसला अर्ज मिळाल्याचा पुरावा) शोधत होते. एका अर्जाचा गोल निळा शिक्का इतका उडाला होता की त्यांनी कागद ट्यूबलाइटसमोर धरला, डोळे बारीक केले आणि आवक नंबर हळूहळू वाचून पेन्सिलने बाजूला लिहिला. अकरातल्या सातांवर शिक्का होता, चार पप्पांनी विश्वासाने हातात दिलेले. ते चार बाजूला ठेवले आणि म्हणाले, "साहेब, हे तुम्ही लिहिलेच नाहीत असं समजा." 32 वर्षं दुसऱ्यांचे पंचनामे लिहिणाऱ्या माणसाला हे ऐकायला लागलं!

आणि दुसरं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, ज्यासाठी मी तीन स्टार डोळे झाकून देते. ते म्हणाले केस चांगली आहे पण मधल्या वर्षांच्या पगाराचा पूर्ण फरक मिळणार नाही, आत्ताच मनाची तयारी करा. मॅटमधे एक वर्षाची मुदत असते, अर्जावर अर्ज करत बसलं म्हणून ती वाढत नाही. सरकार उशीर झाला म्हणणारच, आपण विलंब माफीचा अर्ज लावू. पण पगाराच्या फरकाला तरसेम सिंग केसचा 2008 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आडवा येतो, अर्ज दाखल केल्याच्या आधीची तीनच वर्षं धरतात. म्हणजे 2013 च्या आधीचा पैसा गेला. पप्पा म्हणाले, "म्हणजे मी वाट बघितली त्याचा दंड?" वकीलसाहेब काही बोलले नाहीत, चहा मागवला. बाकी दोन ठिकाणी आम्ही आधी विचारलं होतं, दोघंही म्हणाले होते शंभर टक्के सगळं व्याजासकट काढून देतो.

केस नरिमन पॉइंटला मॅटमधे चालली. सरकारच्या बाजूने तिथे सादरकर्ता अधिकारी असतात, सगळे पीओ म्हणतात, त्यांनी रिप्लायसाठी किती वेळा मुदत घेतली ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. त्यांचा मुद्दा ठरलेला, काम केलं नाही तर पगार नाही, सुप्रीम कोर्टाचा 1989 चा पलुरू रामकृष्णय्या निकाल. आमच्याकडून सुप्रीम कोर्टाचाच 1991 चा जानकीरामन निकाल, की माणूस काम करायला तयार असताना त्याची चूक नसताना खात्यानेच त्याला बाजूला ठेवलं तर हे तत्त्व लावता येत नाही. आर्ग्युमेंट जेमतेम वीस मिनिटं, पण तयारी जबरदस्त, ज्युनियरच्या प्रमोशनची ऑर्डर आणि पप्पांचा ज्येष्ठता यादीतला नंबर एका पानावर समोरासमोर लावून दिला होता. 2019 मधे निकाल आला, मानीव दिनांक 2009 चा, पगार कागदावर तेव्हापासून धरायचा आणि प्रत्यक्ष फरक तीन वर्षांचा. अगदी पहिल्या दिवशी सांगितलं तसंच.

आता अर्धा स्टार कुठे गेला. (खरं तर उरलेला दीड म्हणा, एक स्टार मी कोणालाच देत नाही.) त्यांचा क्लार्क. फोन उचलत नाही, तारीख बदलली की कळवत नाही, दोनदा आम्ही बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून गेलो आणि तिथे कळलं मॅटर बोर्डावरच (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) नाही. पप्पा म्हणाले आमच्या पोलीस ठाण्यातला मदतनीस असता तर कसुरी रिपोर्ट (कामात कुचराई केल्याचा) पाठवला असता. शिवाय फीच्या वर झेरॉक्स, टायपिंगचे पैसे वेगळे, पावती मागितली तरच मिळते.

निकालानंतर काम संपत नाही हे पण कोणी सांगत नाही. ऑर्डर हातात, पण वेतननिश्चिती (नव्या तारखेप्रमाणे पगार ठरवणं) नाही. सर्व्हिस बुक पडताळणीला, तिथून परत, मग लॉकडाउन. शेवटी वकीलसाहेबांनी ऑर्डर पाळली नाही म्हणून अवमानाचा अर्ज टाकला, नोटीस गेली आणि वर्षभर न सापडलेली फाईल तीन आठवड्यांत कोषागारात. 2021 मधे फरक जमा झाला, पेन्शन सुधारली, ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरणाचा फरक वेगळा आला. अवमानाच्या अर्जाची फी त्यांनी घेतली नाही, हे लिहायलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र सीएने सांगितली, वकिलांनी नाही. फरक एकाच वर्षात जमा झाला की टॅक्स भरमसाट दिसतो, त्याला तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम 89 खाली सवलत होती पण रिटर्नच्या आधी फॉर्म 10ई ऑनलाइन भरावा लागायचा, नाहीतर क्लेम उडायचा.

जाणार असाल तर ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट कायम बंद. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून सांगा, वकीलसाहेब खाली चहाच्या टपरीवर येऊन कागद बघतात. आम्हाला हे पाच वर्षं जिने चढून झाल्यावर त्या चहावाल्यानेच सांगितलं.