पाइपवाली चिमणी की बिनपाइपाची?

फोडणीचा ठसका घराबाहेर घालवायचा असेल तर पाइपवालीच. ती धूर, वाफ, तेलकटपणा सगळं बाहेर टाकते. बिनपाइपाची चिमणी तीच हवा जाळी आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत स्वयंपाकघरात सोडते. वास कमी होतो. पण वाफ, उष्णता आणि गॅस जळून तयार होणारे वायू घरातच राहतात. शिवाय कोळशाचा फिल्टर दर काही महिन्यांनी बदलायचा, हा खर्च दुकानदार सहसा सांगत नाही.

पाइपवालीची खरी परीक्षा भिंतीत भोक पाडताना. पाइप साधारण 6 इंची, शक्य तितका आखूड नि सरळ. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. पाइपाचं तोंड माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये सोडणं तर निव्वळ धोका: तिथे साठलेलं तेल पेट घेऊ शकतं. चिमणी चालू असताना खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर घरात गॅस गिझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल, तर बिनपाइपाचीच घ्या आणि जोडीला खिडकीत एक्झॉस्ट फॅन. शेगडीपासूनची उंची आणि अर्थिंग मात्र दोन्हीकडे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच.