थालियाचा लुनादा: पडला, पण फेकून देण्यासारखा नाही

मेक्सिकोची गायिका थालिया, तिचा 'लुनादा' हा अल्बम जून २००८ मधे आला आणि बघता बघता विसरला गेला. २००५ च्या 'एल सेक्स्तो सेन्तिदो' नंतर तीन वर्षं वाट बघून मिळालेला अल्बम, त्यामुळे चाहत्यांना तेव्हा काय वाटलं असेल ते समजू शकते मी. तरीपण सरसकट 'फ्लॉप' म्हणून बाजूला टाकतात ना, ते मला पटत नाही.

स्पॅनिशमधे लुनादा म्हणजे चांदण्या रात्री समुद्रकिनारी सगळ्यांनी जमून गाणी म्हणायची. अल्बम अगदी तसाच आहे, हलका, नाचरा. आणि घोळ तिथेच झाला असं मला वाटतं, कारण आधीच्या अल्बममधे 'आमार सिन सेर आमादा' सारखी तुटलेल्या प्रेमाची गाणी जीव तोडून गायली होती तिने आणि इथे एकदम पार्टी. प्रोड्युसर एमिलिओ एस्तेफान, म्हणजे हात मुरलेला माणूस, पण सगळं इतकं घासूनपुसून चकचकीत केलंय की बऱ्याच ठिकाणी तिचा आवाज बीटच्या मागे जाऊन उभा राहतो. पहिलं सिंगल, म्हणजे अल्बममधून सुटं काढलेलं गाणं, 'तेन पासियेन्सिया', म्हणजे 'धीर धर', पाय हलवतं पण संपल्यावर डोक्यात काही उरत नाही. 'सेरा पोर्के ते आमो' हे रिक्की ए पोवेरी या इटालियन ग्रुपच्या १९८१ च्या गाण्याचं कव्हर, छान आहे, पण मूळ गाण्यात जो सगळ्यांनी मिळून ओरडून गायचा आनंद आहे तो इथे निम्माच येतो.

पण 'देसोल्विदान्दोते' ऐका! हा शब्दच किती गोड आहे, 'ओल्विदार' म्हणजे विसरणं आणि त्याच्या आधी 'देस' लावून विसरणंच उलटं फिरवलंय, विसरलेल्या माणसाला परत मनात आणत जाणं. आपल्याकडे यासाठी एक शब्द नाहीच. मी हे गाणं लागोपाठ चार वेळा लावलं.

आणि न चालण्याचं सगळं खापर गाण्यांवर फोडू नका. ऑक्टोबर २००७ मधे तिला मुलगी झाली, त्यात गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराने तिला पार पिळून काढलं, मग प्रमोशनसाठी गावोगाव फिरणार कोण? तिची रेकॉर्ड कंपनी ईएमआय पण २००७ मधे विकली गेलेली आणि पुढच्याच वर्षी तिथे मोठी नोकरकपात जाहीर झाली, अशा वेळी एका अल्बमकडे कोण लक्ष देणार. नंतर ती सोनीकडे गेली आणि २००९ मधे समोर थोडे लोक बसवून अकूस्टिक, म्हणजे साध्या वाद्यांवर गायली, तो 'प्रिमेरा फिला' अल्बम तुफान चालला. गळा तोच होता की, फक्त ऐकू येत होता!

माझ्याकडून पाचपैकी तीन. 'लुनादा' ऐकणार असाल तर पहिल्या गाण्यापासून नका सुरू करू, थेट 'देसोल्विदान्दोते' लावा, रात्री, हेडफोन घालून.